कशेडीचा चढ आणि माणगावची कोंडी

मुंबई-गोवा रस्त्याच्या काठाने ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना डिझेल इंजिनाबद्दल पुस्तकातून फारसे शिकावे लागत नाही. पोलादपूर मागे पडून कशेडीचा चढ लागला की भरलेल्या ट्रकचा आवाज कसा जड होतो, मागून काळ्या धुराचा लोट कसा निघतो आणि माथ्यावर पोचताच तेच इंजिन कसे सुटल्यासारखे हलके बोलू लागते, हे पोलादपूरच्या नाक्यावर चहा विकणारा मुलगासुद्धा डोळे मिटून सांगेल. आंबेनळीतून महाबळेश्वरकडे निघालेली एसटी कोणत्या वळणावर आहे, हे नुसत्या आवाजावरून ओळखणारी म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. आमच्या भागातल्या दोन पिढ्या या धुराच्या वासात वाढल्या. त्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत बसवले, ही बातमी आमच्याकडे फारशी कुणी वाचली नाही. वाचली असती तरी रस्ता सोडून जाणार कुठे, हा प्रश्न होताच.

हे सगळे आज आठवायचे कारण म्हणजे एक कागद. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचा छोटा कारखाना चालवणारा एक तरुण परवा माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांचे पहिले कर्ज मी शाखेत असताना मंजूर झाले होते. त्यामुळे तो मला ‘काका’ म्हणतो आणि पैशाचा कागद आला की सल्ल्याला येतो. बँकेतून निवृत्त होता येते, पण बँकवालेपणातून होता येत नाही. कागद होता जनरेटरला गॅसची जोडणी करून देणाऱ्या एका विक्रेत्याचा प्रस्ताव. तुमचे आहे तेच डिझेल इंजिन ठेवा, त्याला नैसर्गिक वायू जोडा, ७० टक्के डिझेल वाचेल, धूर जवळजवळ नाहीसा होईल आणि पर्यावरणाचीही सेवा होईल, असा एकंदर मजकूर. ‘‘काका, एकाच दगडात तीन पक्षी म्हणतायत. खरं असेल का हो?’’ त्याने विचारले. कागदावरचा तिसरा पक्षी नेहमी तपासून घ्यावा, ही माझी जुनी सवय. म्हणून पुढचे दोन महिने मी या विषयात डोके घातले.

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्या ओळखीची सीएनजीची मोटार किंवा रिक्षा एका वेळी एकाच इंधनावर चालते. बटण दाबले की पेट्रोल, पुन्हा दाबले की गॅस. इथे तसे नाही. इथे दोन्ही इंधने एकाच सिलिंडरात एकाच वेळी जळतात. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबून दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यावर आणायची, ती तापून लाल व्हायची वेळ आली की तिच्यात डिझेलची पिचकारी मारायची. डिझेल आपोआप पेट घेते. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन असा सहजी पेटत नाही. डिझेल सव्वादोनशे-अडीचशे अंश सेल्सियसला स्वतःहून पेटते, मिथेनला पाचशेच्याही वर जावे लागते. म्हणून गॅस हवेबरोबर आत घ्यायचा आणि पेटवायला थोडे डिझेल मारायचे. दमट लाकडाची चूल पेटवताना आपल्या आया रॉकेलचा बोळा लावत. तेच काम इथे डिझेल करते. कल्पना नवीन नाही. रुडॉल्फ डिझेलने स्वतःच अशा पद्धतीचे पेटंट १९०१ मध्ये अमेरिकेत घेतले होते. आणि यातली खरी मौज अशी, की गॅस संपला तर इंजिन थांबत नाही. ते मुकाट्याने पुन्हा पूर्ण डिझेलवर जाते.

मला या इंजिनाची पहिली ओळख झाली ती मात्र नैसर्गिक वायूमुळे नव्हे, शेणामुळे. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढची काही वर्षे आम्हा ग्रामीण शाखांतल्या अधिकाऱ्यांना गोबरगॅसच्या कर्जांची उद्दिष्टे येऊ लागली. खादी ग्रामोद्योग आयोगाची ती लोखंडी तरंगती टाकी कितीतरी परसांत उभी राहिली. घरचा स्वयंपाक हा मुख्य उपयोग. पण माहितीपत्रकात पाच अश्वशक्तीचे डिझेल पंपाचे इंजिनही दाखवलेले असे. गोबरगॅस आणि डिझेल एकत्र, ८० टक्के डिझेलची बचत. चित्र पाहून मन हरखावे असे. पुढे कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मंडळींनी, प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशाच इंजिनावर गावाला पाणी आणि दिवे देऊन दाखवले. म्हणजे गोष्ट खोटी नव्हती.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत मात्र गणित बसेना. हिशेब साधा होता. एका अश्वशक्तीला ताशी सव्वाचारशे लिटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन रोज तीन तास चालवायचे तर सुमारे साडेसहा घनमीटर गॅस हवा. एका घनमीटरला पंचवीस किलो शेण, म्हणजे रोज एकशेसाठ किलो. आमच्याकडची डोंगराळ गुरे ती केवढी, रानात चरून संध्याकाळी गोठ्यात येणार. एका जनावराचे आठ किलो हाती लागले तरी खूप. म्हणजे वीस जनावरे पाहिजेत. वीस जनावरे ज्याच्या दावणीला आहेत असा शेतकरी पोलादपूर तालुक्यात शोधायचा, आणि तो सापडलाच तर त्याच्या वरकस जमिनीला पंप कशाला लागणार! एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले होते, ‘‘साहेब, यंत्र चांगलं हाय. आमी कमी पडतो त्याला.’’ मी ते वाक्य तेव्हा डायरीत लिहून ठेवले आणि पुढे एका कादंबरीत वापरलेही.

तर आता मूळ प्रश्न: हे इंजिन काम कसे करते आणि सोडते काय? कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातले प्रा. गाझी करीम यांनी उभे आयुष्य या एका इंजिनावर घालवले. त्यांचे आणि इतरांचे जेवढे मला कळले त्याचे सार आमच्या रस्त्याच्या भाषेत सांगता येते. कशेडीचा चढ आणि माणगावची कोंडी, ही ती दोन टोके.

चढावर इंजिनाला पूर्ण भार असतो. आत गॅस भरपूर जातो, हवा-गॅसचे मिश्रण पुरेसे दाट असते, सिलिंडर तापलेला असतो. डिझेलच्या बोळ्याने पेट घेतला की ज्योत सगळीकडे पसरते आणि गॅस जवळपास पुरा जळतो. अशा वेळी हे इंजिन नुसत्या डिझेलच्या तोडीस तोड काम देते. वरून काजळी एकदम खाली येते, कारण काजळी तयार होते ती दाट फवारलेल्या डिझेलच्या थेंबांभोवती, आणि इथे डिझेल थोडेच असते. नायट्रोजनची ऑक्साइडेही बहुतेक वेळा कमी होतात. फार जोर लावला तर इंजिन ठोके देऊ लागते, तेवढी मर्यादा पाळावी लागते. एवढ्यावर विषय संपला असता तर विक्रेत्याचा कागद मी डोळे झाकून मंजूर केला असता.

पण गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी माणगावला तीन तास अडकलेला ट्रक आठवा. इंजिन चालू, भार जवळजवळ शून्य, गाडी हातभर पुढे जाऊन पुन्हा थांबते. अशा वेळी आत येणारी हवा तेवढीच असते, पण गॅस थोडा. मिश्रण इतके विरळ की ज्योत त्यातून पुढे सरकतच नाही. बोळ्याच्या आसपासचा गॅस जळतो आणि कोपऱ्याकापऱ्यातला न जळताच धुराड्यावाटे बाहेर जातो. अर्धवट जळालेला भाग कार्बन मोनॉक्साइड होऊन निघतो. इंधन पैसे देऊन घेतलेले, पण काम न करता गेलेले. त्यामुळे कार्यक्षमताही घसरते. पोलादपूरच्या एका जुन्या फिटरमामांना मी हे सांगितले तेव्हा ते पान्यावरचा हात न काढता म्हणाले, ‘‘म्हणजे अर्ध्या रेसला जेवतो पूर्ण आणि काम करतो अर्धं. असे कामगार आपल्याकडे पण असतात.’’

न जळता निघून जाणाऱ्या या मिथेनला धूर नसतो, रंग नसतो, वासही जवळजवळ नसतो. म्हणूनच तिसरा पक्षी फसवा. डिझेलच्या जागी गॅस जाळल्याने हवामानाचा फायदा किती होतो? एक मेगाजूल उष्णतेला डिझेल सुमारे ७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, मिथेन ५६. म्हणजे कमाई १८ ग्रॅमची. तेवढ्या उष्णतेला मिथेन लागतो २० ग्रॅम. समजा त्यातला शंभरावा हिस्सा, ०.२ ग्रॅम, न जळता निसटला. मिथेन हा शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा वायू आहे. म्हणजे साडेपाच ग्रॅम कमाई बुडाली. तीन टक्क्यांच्या थोडे वर निसटला की सगळी कमाई साफ. आणि हिशेब वीस वर्षांचा धरला, जी आपल्या नातवंडांची शाळा-कॉलेजची वर्षे आहेत, तर मिथेन ८० पटींहून जड ठरतो आणि एक टक्का गळतीतच जवळजवळ सगळी कमाई बुडते. भरल्या भाराच्या उत्तम इंजिनाला ही मर्यादा पाळता येते. बाहेरून जोडणी केलेल्या इंजिनाची गळती कमी भारावर याहून कितीतरी जास्त आढळलेली आहे. धुराड्यात उत्प्रेरक बसवून मिथेन जाळावा म्हटले तर तो मोठा हट्टी वायू. उत्प्रेरक चारशे-पाचशे अंशांना तापल्याशिवाय दाद देत नाही, आणि कमी भारावर धूर तितका गरम नसतो. दुखणे जिथे, तिथेच औषध लागू पडत नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. हे इंजिन चांगले की वाईट, असे विचारण्यात अर्थ नाही. ते कुठे आणि कोणत्या भारावर राबणार, हे विचारले पाहिजे. ज्याला तासन्‌तास एकाच मोठ्या भारावर चालायचे आहे त्याला ते शोभते. म्हणून त्याचा खरा संसार समुद्रावर थाटला. दाभोळला द्रवरूप वायू घेऊन येणाऱ्या जहाजांसारख्या जहाजांत उणे १६२ अंशांवर ठेवलेल्या वायूची थोडी वाफ सतत होतच राहते. ती वाया घालवण्यापेक्षा इंजिनात जाळायची, नाही तर तेल आहेच. फिनलंडच्या वार्टसिला कंपनीने १९९०च्या दशकात अशी इंजिने पुढे आणली. तिचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात खोपोलीला होता, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल. आपल्या रेल्वेनेही हा प्रयोग केला. जानेवारी २०१५ मध्ये रेवाडी ते रोहतक अशी डिझेल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी १४०० अश्वशक्तीची गाडी तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी सुरू केली. पुढे रेल्वेने विजेचा मार्ग धरला, आणि २०२२ पर्यंत आपली कोकण रेल्वेही संपूर्ण विजेवर आली. मला तर वाटते, कोलाडहून रेल्वेच्या वाघिणीवर चढून वेर्ण्याला जाणारा ट्रक हाच या रस्त्यावरचा सर्वांत स्वच्छ ट्रक. १९९९ पासून ही सोय आहे. वाघिणीवर उभ्या ट्रकचे इंजिन बंद असते, धूर नाही आणि गळतीही नाही. पण ते विषयांतर झाले.

कशेडीचा चढही आता पूर्वीचा राहिलेला नाही. जवळजवळ दोन किलोमीटरचा बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवात प्रथम एका बाजूने खुला झाला आणि जुन्या घाटातली ती रडकुंडीची वळणे टळली. म्हणजे हे इंजिन जिथे शोभले असते तो चढच कमी झाला. कोंडी मात्र जागच्या जागी आहे. शिवाय १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा डिझेल गाड्यांना काजळी पकडणारी जाळी आणि युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे मारणारी यंत्रणा आधीच असते. त्यामुळे काजळी कमी होण्याचा जो मोठा फायदा जुन्या इंजिनाच्या तुलनेत दिसतो, तो नव्याच्या तुलनेत फारसा उरत नाही. ट्रकला, बसला गॅसच द्यायचा असेल तर तो केवळ गॅसवर चालणाऱ्या, ठिणगीच्या, त्यासाठीच घडवलेल्या इंजिनाला द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जुलै १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या गेल्या त्या याच वाटेने. जुन्या ट्रकला बाहेरून नळी जोडण्याचा मोह माझ्या मते टाळावा.

आता जनरेटर. दिल्ली परिसराच्या हवा-गुणवत्ता आयोगाने ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या मोठ्या डिझेल जनरेटरांसाठी ७० टक्के गॅस आणि ३० टक्के डिझेल ही पद्धत एक मान्य पर्याय म्हणून ठेवली. विक्रेत्याच्या कागदावरचा ७० चा आकडा तिथूनच आलेला. जनरेटर जागचा हलत नाही, एका वेगाने फिरतो, त्यामुळे वरवर पाहता तो या पद्धतीला आदर्श. पण आपल्याकडे जनरेटर घेतो कसा? ‘उद्या वाढ झाली तर’ म्हणून दुप्पट-तिप्पट मोठा. मी कर्जाच्या फायलींत हे शेकड्यांनी पाहिले आहे. त्या तरुणाचा जनरेटर २५० केव्हीएचा, म्हणजे दोनशे किलोवॅट पेलणारा. आणि वीज गेल्यावर त्याच्यावर प्रत्यक्ष भार येतो साठ किलोवॅटचा. म्हणजे तीस टक्के. कागदोपत्री तो जनरेटर कशेडीच्या चढावर आहे, प्रत्यक्षात जन्मभर माणगावच्या कोंडीत उभा आहे. चांगली नियंत्रण यंत्रणा असेल तर एवढ्या कमी भारावर ती गॅस आपोआप तोडते, मग डिझेलची बचत कुठली. आणि नियंत्रण स्वस्तातले असेल तर गॅस जात राहतो आणि निसटत राहतो. शिवाय जो जनरेटर वर्षाला शंभर तासच चालतो त्याच्या जोडणीचे पैसे इंधनाच्या बचतीतून निघणार कधी?

तरीही मी कागद फाडून टाका असे म्हटले नाही, आणि त्याचे कारण महाडचे पाणी. २१-२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीने महाड बुडवले, त्याच पावसात तळियेला दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, कोंडिवते. अशा दिवसांत वीज जाते, रस्ते तुटतात आणि डिझेलचा टँकर येत नाही. ज्या इस्पितळाकडे दोन दिवसांचे डिझेल आहे त्याने ते गॅसबरोबर पुरवून वापरले तर तेच डिझेल पाच-सहा दिवस जाते. आणि गॅसची वाहिनीच बंद पडली तर निदान डिझेलवर दिवे राहतात. केवळ गॅसच्या किंवा केवळ डिझेलच्या जनरेटरला हे जमत नाही. अर्थात जनरेटर पुराच्या रेषेच्या वर बसवलेला पाहिजे. महाडमध्ये तो अजूनही तळमजल्यावर, जिन्याखाली दिसतो तेव्हा इंधनाची चर्चा करावीशी वाटत नाही.

एकाच पुरवठ्यावर विसंबण्याचा धडा तर आपल्याला दाभोळने शिकवला आहे. उरण-पनवेलकडून दाभोळला जाणारी वाहिनी आपल्या जिल्ह्यातून गेली, पण देशातला वायू आटला तेव्हा २०१३ च्या अखेरीस तो प्रचंड वीजप्रकल्प ठप्प झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यापुरता पुन्हा हलला. आपल्या गरजेचा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले आणि आयात वायूचे भाव आकाशाला भिडले. महानगर गॅसकडे २०१५ मध्ये रायगड जिल्हा आला, वाहिन्या वाढत आहेत, ही चांगली गोष्ट. पण वाहिनी दारात आली म्हणून भाव आपल्या हातात आला असे होत नाही. दोन इंधनांचे इंजिन हा त्यावरचा एक प्रकारचा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता बचतीच्या रकान्यात दाखवायचा नसतो.

त्या तरुणाला मी शेवटी चार गोष्टी करायला सांगितल्या. वर्षभराचा जनरेटरचा प्रत्यक्ष भार महिन्यावार लिहून काढ. एवढा मोठा जनरेटर विकून ऐंशी-नव्वद किलोवॅटचा घेता येतो का ते बघ. किती भाराखाली गॅस आपोआप बंद होतो, हे विक्रेत्याकडून लेखी घे. आणि तीस, पन्नास व ऐंशी टक्के भारावर धुराड्यातून मिथेन किती जातो याचा मोजणी अहवाल माग. पहिल्या तीन गोष्टींना विक्रेता लगेच तयार झाला. चौथीला त्याने विचारले, हे कशासाठी? कायद्याने लागत नाही.

रस्त्यावरही तीच कथा. नव्या गॅस इंजिनाला मान्यता देताना प्रयोगशाळेत मिथेन मोजतात. पुढे डिझेलची गाडी पीयूसीला नेली की केंद्रावरचा मुलगा नळी घालतो, ॲक्सिलेटर दाबायला सांगतो आणि यंत्र धुराचा काळेपणा मोजते. दोन इंधनांच्या गाडीचा धूर काळा नसतो. ती पहिल्या झटक्यात पास होते.